हनुवटीखालचा रेशमी सूर

वादक या प्राण्याबद्दल माझं मत चांगलं नाही. तेहेतीस वर्षं मी व्हायोलिनं दुरुस्त करतोय. तडकलेली पाठ चिकटवायची, झिजलेल्या खुंट्या बदलायच्या आणि वर या लोकांची बडबड ऐकून घ्यायची. आजवर एकानंही म्हटलेलं नाही की मिस्त्री, वाद्य ठीक आहे, मलाच वाजवता येत नाही. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ज्यानं काढली, तो माझ्यासारखाच कुठल्या तरी दुरुस्तीच्या दुकानात बसत असणार.

या मंडळींत पहिला नंबर रेशीमरावांचा. हे नाव त्यांना त्यांच्या वाद्यवृंदातल्या लोकांनी ठेवलेलं. "माझा सूर रेशमी आहे," असं ते दर दोन वाक्यांनंतर म्हणायचे, म्हणून. त्यांना वाटायचं, नाव कौतुकानं पडलंय. तोंडावर कुणी तशी हाक मारली तर ते किंचित मान झुकवून ती स्वीकारायचे. अशा माणसाची थट्टा करण्यातही मजा राहत नाही.

शहराच्या वाद्यवृंदात ते सव्वीस वर्षं व्हायोलिन वाजवत होते. दुसरी रांग, तिसरी खुर्ची. सोळा व्हायोलिनं एकदम सुरू झाली की त्यातलं एक वाजतंय की नुसतंच हलतंय, हे कुणाला कळतंय! त्यामुळे त्यांचं छान चाललं होतं. लोकांना काही कळत नाही, पुढच्या रांगेतले नुसते ओरबाडतात, संचालकाला नाजूक गोष्टींची जाण नाही, आणि आपल्यासारखा सूर या शहरात दुसऱ्या कुणाचा नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलेलं होतं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते दुकानात यायचे. पेटी अशी धरायचे की आत तान्हं मूल झोपलंय. टेबलावर आधी मऊ फडकं अंथरायचं, मग पेटी ठेवायची, मग झाकण उघडायचं, तेही आवाज न करता. मग ठरलेलं वाक्य यायचं.

"मिस्त्री, सूर जरा खरबरीत लागतोय. आतली काडी सरकवा थोडी. अजून गोड हवा."

व्हायोलिनच्या पोटात बोटभर लांबीची एक लाकडी काडी उभी असते. कुठेही चिकटवलेली नसते, नुसती वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये दाबून उभी असते. ती केसभर इकडेतिकडे केली की आवाज बदलतो. मी लांब वाकडा चिमटा घालून ती सरकवायचो. तेवढ्यानं भागलं नाही की तारांखालची घोडी घासून जाड-बारीक करायचो. एकदा तर त्यांनी घोडीखाली लोकरीचा तुकडा ठेवून बघायला सांगितलं. गजाला राळ लावायची ती डोळ्यांत काजळ घालावं इतकीच, कारण म्हणे राळेनं सुरात कण येतो. आणि गज तारेवर टेकायचा की नाही याची त्यांना स्वतःलाही खात्री नसायची.

मग ते दुकानातच वाजवून बघायचे. डोळे मिटलेले, गाल वाद्यावर टेकलेला, ओठांवर हसू. मी दोन हातांवर उभा असायचो आणि मला बाहेरच्या रस्त्यावरची सायकल जास्त ऐकू यायची.

"बघा," ते म्हणायचे. "आता कसं रेशीम!"

"रेशीम," मी म्हणायचो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. व्हायोलिन हनुवटीखाली धरतात. वाजवणाऱ्याचा डावा कान आणि तारा यांत वीतभर अंतर. म्हणून गजाची प्रत्येक खरखर, राळेचा प्रत्येक कण त्याच्या थेट कानात शिरतो. ही खरखर दहा-बारा पावलांच्या पुढे जात नाही, वाटेतच गळून पडते. पुढे जातो तो नुसता सूर. आणि सूर जायचा तर जवळ थोडी खरखर व्हावीच लागते, कारण गजानं तारेला नीट धरल्याशिवाय सूर निघतच नाही. म्हणजे वाजवणाऱ्याच्या कानाला जे जरा ओबडधोबड लागतं, ते शेवटच्या रांगेत गोड होऊन पोचतं. आणि त्याच्या कानाला जे रेशीम लागतं, ते तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तरीही मी महिन्याच्या महिन्याला ती काडी सरकवत राहिलो, कारण तसं केलं की ते पंधरा मिनिटांत जायचे. सांगत बसलो असतो तर दुपार गेली असती. आपण किती थोर आहोत हे प्रत्येक जण सांगतो, म्हणून हेही सांगून ठेवतो.

घरी त्यांचं वेगळंच. सरावाच्या खोलीला जाड पडदे, खाली गालिचा, भिंतीला कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट. सराव चालू असताना स्वयंपाकघरातला नळसुद्धा सोडायचा नाही. वहिनी तेवढा वेळ ओट्याशी हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. भांडी बिचारी तशीच पडलेली. हे वहिनींनीच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं. नवऱ्याच्या खुळांचं हसू करून टाकलेल्या बायकांपैकी त्या.

कार्यक्रमाला वादकांच्या घरच्यांना फुकट पास मिळतात, ते शेवटच्या रांगेचे. सव्वीस वर्षं वहिनी शेवटच्या रांगेत बसल्या. कार्यक्रम संपला की मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. रेशीमराव पेटी घेऊन बाहेर आले की विचारायचे, "ऐकू आलं?" आणि त्या म्हणायच्या, "छान झालं. शेवटपर्यंत ऐकू आलं." मग दोघं घरी. हा प्रश्न आणि हे उत्तर मी स्वतः दहा-बारा वेळा तरी ऐकलंय, कारण नाट्यगृहाच्या पियानोची देखभाल माझ्याकडे आहे आणि मीही त्याच दारानं बाहेर पडतो.

अशीच ती नोकरी संपली असती. निवृत्तीला आठ महिने उरले होते. पण जुने संचालक गेले आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या. सडसडीत, आखूड केसांच्या, पायात रबरी तळव्यांचे बूट. बोलायला फटकळ. कानामागून आली आणि तिखट झाली, असं वाद्यवृंदात सगळे म्हणायला लागले. तिखट होत्याच. त्यांची एक पद्धत होती. तालीम ऐन रंगात असताना त्या हातातली इशाऱ्याची काडी ठेवून द्यायच्या, वादकांना "थांबू नका" म्हणायच्या आणि मंचावरून उतरून थेट शेवटच्या रांगेत जाऊन उभ्या राहायच्या. तिथून ऐकायच्या. चाळीस माणसं पुढे बिनसंचालकाची वाजवताहेत आणि ही बाई मागे काळोखात उभी. भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची.

त्याच सुमारास पहिल्या खुर्चीवरचा वादक घराच्या पायऱ्यांवरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. पुढच्या कार्यक्रमात त्याचा एकट्याचा एक तुकडा होता. दीड मिनिटाचा. बाकी सगळे गप्प आणि एकटं व्हायोलिन. आता तो वाजवायचा कुणी? ज्येष्ठतेनं बघायचं तर रेशीमराव. सव्वीस वर्षं ज्या दीड मिनिटाची वाट बघितली, ते आपल्या पायानं चालत आलं. ते दुसऱ्या दिवसापासून नवीन काळे बूट घ्यायच्या गोष्टी करायला लागले.

तालमीत त्यांनी तो तुकडा वाजवला. बाई मागे जाऊन उभ्या होत्या. वाजवून झाल्यावर रेशीमरावांनी डोळे उघडले आणि वाट बघत राहिले.

"तिसरी खुर्ची," मागून बाईंचा आवाज आला, "सुरुवात करताय ना?"

सगळे हसले. मी तेव्हा पियानोखाली पडून पायानं दाबायची कळ बसवत होतो, मीही हसलो. रेशीमराव पुन्हा वाजवायला लागले. बाई चालत पुढे आल्या, मंचाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हे तुम्ही वाजवताय की वाजवण्याची आठवण काढताय? पुढच्या शुक्रवारी मी परत मागे उभी राहणार. ऐकू आलं तर तुम्ही. नाही आलं तर तुमच्या मागचे दाढीवाले." एवढं बोलून त्या दुसऱ्या पानाकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी रेशीमराव दुकानात हजर. सोबत वहिनी, कारण तिथून पुढे बूट घ्यायला जायचं होतं. या माणसाला अजून बुटांची काळजी होती.

"त्या बाईला कानच नाहीत," ते म्हणाले. "नाकाला मिरच्या झोंबल्यात तिच्या, आल्या दिवसापासून. मिस्त्री, तुम्ही एक करा. काडी अजून थोडी आत घ्या. सूर इतका गोड करा की तिची बोलतीच बंद झाली पाहिजे."

मी चिमटा हातात घेतलासुद्धा. सवयच ती. पण कुणास ठाऊक काय झालं, तो चिमटा मी टेबलावर आपटला. सव्वीस वर्षांतले सगळे पहिले सोमवार एकदम डोक्यात गेले.

"अहो, अजून गोड केलं तर ते मुंगीलाही ऐकू येणार नाही," मी म्हणालो. "उठा. पेटी घ्या. नाट्यगृहाची किल्ली आहे माझ्याकडे. चला."

"कशाला?"

"तुमचं रेशीम दाखवायला."

ते यायला तयार नव्हते. पण वहिनी आधीच पायरी उतरून रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या, म्हणून आले.

दुपारचं नाट्यगृह म्हणजे रिकामं गोदाम. मंचावर एकच दिवा. खुर्च्यांच्या मधून एक झाडूवाली बाई झाडत येत होती. मी त्या दोघांना शेवटच्या रांगेत बसवलं आणि व्हायोलिन घेऊन मंचावर गेलो. मला वाजवता येतं ते दुरुस्तीपुरतं. सुतारानं खुर्ची केली की तो तिच्यावर बसून बघतो, तसं. माझ्या वाजवण्याला कुणी कधी चांगलं म्हटलेलं नाही आणि म्हणूही नये. पण रेशीमरावांचा तो तुकडा मला पाठ होता आणि ते कसं वाजवतात तेही. मी गजाला राळ लावली नाही. डोळे मिटले, गाल टेकवला आणि अगदी त्यांच्यासारखं, तारेला गुदगुल्या केल्यासारखं वाजवायला सुरुवात केली. आणि खरं सांगतो, हनुवटीखाली ते फार गोड लागत होतं. त्यांचं का चुकलं ते मला त्या क्षणी कळलं. असं काही रोज कानाशी वाजत असेल तर कुणालाही वाटेल की जग आपल्यासाठी थांबलंय.

अर्धा तुकडा झाला असेल. मागून रेशीमराव ओरडले, "अहो मिस्त्री! सुरू करा ना! किती वेळ गज जुळवताय?"

मी थांबलो नाही. वाजवत राहिलो. झाडूवालीचा झाडू मात्र खरर खरर चालला होता.

आणि मग वहिनींचा आवाज आला. मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. शेजारी बसलेल्या नवऱ्याशी घरात बोलतात तसंच बोलल्या. पण ते नाट्यगृह चांगलं आहे, तिथे मागचा शब्द मंचावर स्वच्छ येतो.

"सुरू आहे हो त्यांचं," वहिनी म्हणाल्या. "असंच असतं ते."

मी गज उचलला. झाडूवालीसुद्धा थांबली.

"म्हणजे?" रेशीमराव म्हणाले.

"म्हणजे असंच. इथून तुमचा हात हलताना दिसतो. मी हाताकडे बघत बसायचे."

"तू तर म्हणायचीस, शेवटपर्यंत ऐकू आलं."

"तुम्ही विचारायचात ना."

मला वाटलं, आता हा माणूस भांडेल. बायकोवर ओरडेल, नाट्यगृहाला नावं ठेवेल. पण ते मंचाकडे, माझ्या हाताकडे बघत राहिले. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी खिशातली राळ काढली, गजाला रगडून लावली, गज घोडीच्या जवळ आणला आणि माझ्या सुतारी पद्धतीनं तोच तुकडा वाजवला. माझ्या कानाशी पत्रा कापल्यासारखं होत होतं. बोटं दोनदा भलतीकडे पडली. पण मागे रेशीमराव उभे राहिले. खुर्चीची बैठक फटकन वर गेली तेही मी ऐकलं.

"हे माझं वाद्य?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच," मी म्हणालो. "आणि वाजवणारा मी. म्हणजे विचार करा."

त्या दिवशी बूट घेतले गेले नाहीत.

शुक्रवारला नऊ दिवस होते. ते रोज दुकानात यायला लागले, वहिनींशिवाय. मी काडी होती तिथे परत नेली, घोडी बदलली, लोकरीचा तुकडा कचऱ्यात टाकला. मग त्यांनी गज टेकवला आणि "शी!" म्हणून वाद्य खाली केलं. पुन्हा टेकवला, पुन्हा "शी!" एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा. एकोणसाठ वर्षांचा माणूस, आणि स्वतःच्या व्हायोलिनला घाबरत होता.

"हे मी लोकांना ऐकवू?"

"हे लोकांना ऐकूच जात नाही. हे तुमच्यापुरतं आहे. लोकांचं वेगळं."

"मग लोकांचं मला कसं कळणार? मी तर इथे आहे!"

प्रश्न बरोबर होता. त्यांच्या तोंडून बरोबर प्रश्न आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मी त्यांच्या डाव्या कानात कापसाचा बोळा घातला आणि समोरच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. मध्ये अख्खा रस्ता, हातगाड्या, माणसं. ऐकू आलं की मी हात वर करणार, गेलं की खाली. शिंपी म्हणाला, आजपासून वाहतूक पोलीस झालास का? पहिले दोन दिवस माझा हात खालीच राहिला. तिसऱ्या दिवशी रागारागानं त्यांनी गज ओढला आणि माझा हात वर गेला. त्यांनी खिडकीतून तो बघितला आणि लगेच थांबले. म्हणे, इतकं घाणेरडं वाजवलं तेव्हाच कसा वर गेला? पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी त्यांना नाट्यगृहात नेलं. वाजवा आणि गज एकदम उचला, म्हटलं. उचलल्यावर मागच्या भिंतीकडून जे परत येतं ते ऐका. हनुवटीखालचं सोडून द्या. कान काढून शेवटच्या रांगेत ठेवून आलोय असं समजा. चार दिवस त्यांना काही येईना. पाचव्या दिवशी त्यांनी गज उचलला आणि डोकं वाकडं करून तसेच उभे राहिले. भिंतीकडून सुराचं शेपूट परत आलं होतं. गोल, स्वच्छ, एकही कण नसलेलं. त्यांनी पुन्हा तोच सूर काढला, पुन्हा ऐकला. वीस-पंचवीस वेळा तेच. शेवटी मीच कंटाळलो.

आणि तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. तुकड्याच्या शेवटी एक उंच सूर आहे. तिथे करंगळी ताणून पोचवावी लागते. त्यांची करंगळी आखूड, कायम केसभर कमी पडते. हे मला माहीत होतं, आणि मला वाटायचं, त्यांना माहीत नसेल. त्यांनी तो सूर भिंतीवर सोडला. भिंतीनं तो जसाच्या तसा, कमी पडलेला, परत दिला. रेशीमराव पांढरेफटक पडले.

"हे पण जाणार? मागपर्यंत?"

"जाणार. जे जातं ते सगळंच जातं."

"पहिल्यापासून कमी पडते ती," ते हळूच म्हणाले. "शिकत होतो तेव्हापासून. गुरुजी छडी मारायचे तिच्यावर."

मग मला सगळं कळलं. रेशीम वगैरे काही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच होतं. या माणसाला आपली आखूड करंगळी कुणाला ऐकू येऊ द्यायची नव्हती, म्हणून त्यानं सव्वीस वर्षं काहीच कुणाला ऐकू येऊ दिलं नाही. आणि त्याला गोडवा असं नाव देऊन बायकोला नळ बंद करायला लावला. मला त्यांची कीव आली नाही. चीड आली. एका चुकीच्या भीतीनं अख्खं आयुष्य मुठीत धरून बसायचं आणि वर लोकांना कळत नाही म्हणायचं! मी तसं बोलूनही दाखवलं. ते ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "दाढीवाल्यालाच देऊ दे."

"देऊ दे," मी म्हणालो. "तुमची निवृत्ती, तुमचं रेशीम. फक्त वहिनींना तसं सांगा. म्हणजे त्या पुढच्या आठ महिन्यांत घरी बसून भांडी तरी घासतील."

त्यांनी पेटी बंद केली आणि निघून गेले. झाकणाचा आवाज झाला, तेवढंच काय ते वेगळं.

शुक्रवारी मला काम नव्हतं तरी मी गेलो. पियानोची एक खुंटी उगाच घट्ट करत बसलो. दाढीवाले तयारीत होते, गजाला राळ लावत होते. बाई मागे जाऊन उभ्या राहिल्या. रेशीमराव उठले, वाद्य हनुवटीखाली घेतलं, तोंड कडू केलं आणि वाजवलं. शेवटी करंगळी नेहमीसारखी कमी पडली.

"हं," बाई म्हणाल्या. "शेवटचा वर घ्या जरा. तुम्हीच वाजवा." आणि पुढचं पान काढायला सांगितलं. दाढीवाल्यांनी राळ खिशात टाकली.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाचला होता. मी वहिनींच्या शेजारी बसलो, शेवटच्या रांगेत. आमच्या पुढे एक जाडे गृहस्थ, ते पहिल्या दहा मिनिटांतच पेंगायला लागले. लोक म्हणजे हे असले. यांच्यासाठी माणूस सव्वीस वर्षं घाबरून बसला होता.

तो तुकडा आला. बाकी सगळे थांबले. रेशीमराव उभे राहिले, पायात तेच जुने बूट. मी वहिनींकडे बघितलं तर त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, झोपल्या. चला, नवऱ्याला सव्वीस वर्षांनी कंठ फुटतोय आणि बायको झोपली. मनातल्या मनात मी दोघांनाही शिव्या घातल्या.

सूर मागे आला. माझ्या डोक्यावरून जाऊन भिंतीला लागला. रेशमी नव्हता. भरीव होता, थोडा थरथरता. त्यांचा चेहरा इतका कडवट झाला होता की पुढच्या रांगेतल्या कुणाला वाटलं असेल, याच्या पोटात दुखतंय. शेवटाकडे ते वर चढले. करंगळी ताणली. केसभर कमी पडली. टाळ्या पडल्या त्या नेहमीइतक्याच. पेंगणारे गृहस्थ दचकून उठले आणि त्यांनीही वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी आणि वहिनी मागच्या दारानं आत गेलो. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना वाद्यांच्या रिकाम्या पेट्या. रेशीमराव खुर्चीवर बसून तारांवरची राळ फडक्यानं पुसत होते. आम्हाला बघितलं, पण मान वर केली नाही. आणि विचारलंही नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी "ऐकू आलं?" असं विचारलं नाही. कसं विचारणार? उत्तर काय येणार ते आता त्यांना माहीत होतं आणि त्या उत्तराची किंमतही माहीत होती.

वहिनी सवयीनं म्हणाल्या, "छान झालं. शेवटपर्यंत ऐकू आलं."

"हो," ते म्हणाले आणि पुसत राहिले.

मी मनात म्हटलं, घ्या. आज खरं बोलली तरी तेच शब्द. खोट्यासाठी वापरून वापरून झिजवलेत, आता खऱ्याला काही उरलंच नाही. दोघांनी मिळून केलंय, दोघांनी मिळून भोगा. मी निघायला वळलो.

"पण अहो," वहिनी म्हणाल्या, "ते शेवटी वर जाता ना तुम्ही, तिथे जरा कमी पडलं. कानाला खुपलं."

फडकं थांबलं.

"कुठे?"

"अगदी शेवटी. ताणल्यासारखं झालं आणि पोचलं नाही."

"हाताकडे बघून सांगतेस तू," ते म्हणाले. आवाज चिरका झाला होता. "करंगळी दिसली असेल तुला."

"छे. आज हाताकडे बघितलंच नाही. डोळे मिटून बसले होते. विचारा भाऊजींना."

ते माझ्याकडे बघायला लागले. मला बोलणं भाग पडलं. "मिटलेले होते," मी म्हणालो. "मला वाटलं, झोपल्यात."

रेशीमरावांनी व्हायोलिन मांडीवरून उचललं आणि शेजारच्या उघड्या पेटीत ठेवलं, फडकं न अंथरताच. मग त्यांनी वहिनींचा हात धरला. चाळीस माणसं येत-जात होती, त्यांचीही लाज वाटली नाही.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

"काय पुन्हा?"

"ते. कमी पडलं ते."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "शेवटचा सूर," त्या म्हणाल्या, "कमी पडला तुमचा." आणि तो माणूस, स्वतःची चूक दुसऱ्यांदा ऐकून, लहान मुलासारखा रडायला लागला.